तो कर भरायचा, ती कर तोडायची

मी हौश्या बोलतोय. कोल्हापूरच्या अंगाला, पंचगंगेच्या काठावर आमचं गाव आणि त्या गावात जोतीराम आबांच्या गोठ्यात माझं ठाणं. जातीचा खिलार आहे, अंगानं पांढराशुभ्र आहे आणि माझ्या शिंगांची वळणं बघायला शेजारच्या गावची माणसं येतात. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण तो नियम माणसांचा. बैलाला लागू नाही.

अशा मला, ज्याला खिसासुद्धा नाही अशा मला, सरकारी कागदानं कर बुडवणारा ठरवलं होतं. हसू नका. त्या एका शब्दापायी माझं दावं कायमचं सुटायची वेळ आली होती. सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म याच गोठ्यातला. आई मला चाटत होती, तेवढ्यात गल्लीत कुणाच्या तरी वरातीची हलगी कडाडली आणि मी लटपटत्या पायांवर उभा राहून उडी मारली. धोंडुबाई आजी, म्हणजे आबांच्या आई, दारातच उभ्या होत्या. "आगं बया, ह्येला लईच हौस हाय की!" त्या म्हणाल्या आणि माझं नाव पडलं हौश्या. बारशाचा खर्च वाचला.

पुढं पाखऱ्या नावाच्या जोडीदाराबरोबर मी औत ओढलं, कुळव ओढला, उसाच्या गाड्या ओढल्या. उन्हाळ्यात पाय पोळले, पावसाळ्यात चिखलात रुतले, पण मान कधी टाकली नाही. मग आबांचा मुलगा राजवर्धन ट्रॅक्टर घेऊन आला. तांबडा, धूर सोडणारा, ना शेण देणारा ना हाक ओळखणारा. त्याच वर्षी पाखऱ्या गडहिंग्लजच्या बाजाराला गेला. त्या दिवशी आबा दुपारी जेवले नाहीत. मीही वैरणीला तोंड लावलं नाही. संध्याकाळी मात्र दोघांनाही भूक लागली, कारण पोट कुणाचं ऐकत नाही.

मी मागे राहिलो तो धोंडुबाई आजींच्या हट्टामुळे. "दारात एक तरी बैल पायजे. न्हायतर बेंदराला काय ट्रॅक्टरची पूजा करायची व्हय?" असं त्या म्हणाल्या. राजवर्धननं तेव्हा ऐकलं, पण वैरणीची पेंडी टाकताना त्याचा हात जरा जोरात आपटायला लागला. बसून खाणाऱ्याला घरात किती किंमत असते ते ज्यानं त्यानं आपापल्या घरात बघावं.

काम नसलं की कान रिकामे राहतात. बैलाचे कान मोठे, त्यामुळे मला माणसांचं बोलणं ऐकायचा नाद लागला. त्यात एका शब्दानं मला लहानपणापासून फार घोटाळ्यात पाडलं होतं. तो शब्द म्हणजे 'कर'.

आमच्या घरात हा शब्द उठल्याबसल्या पायात येतो. "अवंतिका, लवकर आवर, डबा भरायचं काम कर." "हौश्या, तोंड हिकडं कर." आणि अधूनमधून ग्रामपंचायतीची रिक्षा कर्णा लावून फिरते: "ग्रामस्थांनी कर भरा, गावाच्या विकासाला हातभार लावा!" मी वासरू असताना हे ऐकलं की माझी समजूत अशी व्हायची, की माणसं कर भरतात आणि बैल ती तोडतात. भरायचं काम त्यांचं, तोडायचं काम आमचं. कारण बैलांना ठाऊक असलेली कर एकच, ती बेंदराची.

ज्यांच्या गावाला बेंदूर नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेंदूर हा आमचा सण. त्या दिवशी बैलाला जू नाही, काठी नाही, शिव्याही नाहीत. सकाळी अंघोळ, मग शिंगांना रंग, अंगावर झूल, शिंगांत कडबोळी. संध्याकाळी वेशीत दोन खांबांच्या मधे एक दोर बांधतात. त्याला पिंपळाची पानं आणि आंब्याचे डहाळे लावलेले असतात. ती कर. मानाचा बैल हलगीच्या तालावर पळत येतो आणि शिंगानं ती कर तोडतो. तुटली की माणसं पानांवर तुटून पडतात. ज्याच्या हाताला पान लागलं तो ते आपल्या चौकटीला खोचतो. मान दर वर्षी एका घराकडे जातो आणि यंदा तो फिरत फिरत आमच्या घराकडे आला होता.

दुसऱ्या कराची ओळख मला आजींनी करून दिली. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून त्या शेंगा फोडायच्या आणि बोलायच्या. त्यांच्या तोंडी 'कर' हा शब्द यायचाच नाही. त्यांच्यासाठी ती पट्टी. घराची घरपट्टी, पाण्याची पाणीपट्टी. जमिनीचा तो सारा. त्यांचे वडील गुळाच्या ढेपा घेऊन गाडीनं कोल्हापूरला जायचे, तेव्हा नाक्यावर गाडी अडायची, ती जकात. आबा म्हणतात महसूल. राजवर्धन ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हापासून म्हणतो टॅक्स, आणि म्हणताना तोंड असं करतो की कडुलिंबाचा पाला खाल्लाय. घेणाऱ्यानं नावं किती बदलली, पण देणाऱ्याचं तोंड मी कायम तेच बघत आलो.

बेंदूर जवळ आला तसा घरात माझा विषय निघाला. एक व्यापारी येऊन माझे दात बघून गेला होता. माझ्या तोंडात बोटं घालायच्या आधी त्यानं मला नमस्कारसुद्धा केला नव्हता. तो गेल्यावर राजवर्धन म्हणाला, "आबा, आता बास झालं. गिऱ्हाईक चांगलं हाय. ह्यो नुसता उभा हाय."

आबा बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेंदूर होऊ दे. मान आपला हाय. हौश्यानं कर तोडली तर त्यो हितंच ऱ्हाईल, मरूस्तवर ऱ्हाईल. न्हाय तोडली तर तू म्हनशील तसं."

"आनि बेंदूरच न्हाय झाला तर?"

"बेंदूर कसा न्हाय हुईल? खुळा का काय तू!"

पण राजवर्धन खुळा नव्हता. आमच्या वेशीतला रस्ता रुंद झाला होता. त्यावरून बाहेरगावच्या गाड्या सुसाट जायच्या. रस्ता थोडा वेळ अडवायचा तर कोल्हापुरातल्या कार्यालयाची परवानगी काढा, असं यंदा वरून आलं. अर्जही मोबाईलवरून करायचा. गावानं ते काम आमच्या अवंतिकाच्या गळ्यात घातलं. अवंतिका म्हणजे आबांची धाकटी. कॉलेजला जाते, मोबाईलवर तिची बोटं आजींच्या शेंगांपेक्षा भरभर चालतात.

ती माझ्या शेजारी, वैरणीच्या पेंडीवर बसूनच अर्ज भरायला लागली. अर्ज इंग्रजीत होता. तिनं मराठीत सांगायचं आणि मोबाईलनं त्याचं इंग्रजी करायचं, असा सगळा कारभार. कार्यक्रमाचं नाव? ती म्हणाली, "कर तोडणे." मोबाईलनं लगेच लिहिलं, 'टॅक्स ब्रेकिंग.' प्रमुख सहभागी? ती हसली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हौश्या." कॉलेजची बस चुकत होती. तिनं बटण दाबलं आणि पळाली. मला त्यातलं काही कळलं नाही. नाव सरकारात गेलं म्हणून मी उलट छाती काढून उभा राहिलो.

आठवडा उलटला आणि उत्तर आलं. तिकडच्या संगणकानं ते पुन्हा मराठीत आणून सोडलं होतं. अवंतिकानं आबांसमोर वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज खाली खाली गेला.

"आपण आयोजित केलेल्या सार्वजनिक करचुकवेगिरीच्या कार्यक्रमास परवानगी नाकारण्यात येत आहे. प्रमुख सहभागी श्री. हौश्या यांनी आपले म्हणणे मांडण्यासाठी कार्यालयात समक्ष हजर राहावे."

मग आजींनी विचारलं, "ह्यो कोन श्री. हौश्या? आपल्यात दुसरा कोन हाय का?"

"आज्जी, ह्योच," अवंतिकानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि तिला रडू फुटलं. "माझ्यामुळं झालं हे. माझ्यामुळं ह्याला विकतील."

राजवर्धनला बहिणीचं रडणं सोसत नाही. तो म्हणाला, "रडू नगंस. चुकलं कुठं ते बघू. ब्रेकिंग म्हनलीस म्हनून बुडवणं झालं. नुसतं ब्रेक म्हण."

"ब्रेक म्हंजे थांबवायचं. कर थांबवायची व्हय?" आबा म्हणाले.

"आबा, तुमी गप बसा. इंग्रजीत एकाचे पाच अर्थ असत्यात."

पाच असतात की पन्नास ते देव जाणे, पण राजवर्धननं नेमका नको तो गाठला. दुरुस्त अर्ज गेला 'टॅक्स ब्रेक प्रोग्रॅम' म्हणून आणि पोच आली ती अशी: 'आपला करसवलत कार्यक्रमाचा अर्ज मिळाला. विचार सुरू आहे.' ही पोच राजवर्धननं कौतुकानं गावाच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आमच्या दारात माणसांची रांग! कुणाच्या हातात घरपट्टीची पावती, कुणाच्या हातात पाणीपट्टीची. पहिला नंबर शेजारच्या गुंडू अण्णांचा.

"जोतीरामा, सवलत किती टक्के रं? थकबाकीला बी हाय न्हवं?"

"कसली सवलत?"

"आता लपवू नगंस. ग्रुपवर आलंय की. हौश्याच्या नावानं हाय म्हनं."

मागून बाळाबाई ओरडल्या, "आधी माझं घ्या! मी पाणीपट्टी भरलीया, मला परत मिळायचं का?" रांगेतली दोन माणसं तर येऊन माझ्या पाया पडली. मला आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता आणि मी तो नाकारलाही नाही. पण आबांना सगळ्यांना समजावून परत पाठवताना घाम फुटला. जाताना गुंडू अण्णा रागानं म्हणाले, "सवलत न्हाय, कर बी न्हाय तुटायची. मग हायच काय तुमच्यात?"

ते बोलणं आबांना लागलं. मलाही लागलं.

त्या दुपारी अवंतिका जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन गोठ्यात आली. आजी शेजारी बसल्या. ती मोठ्यानं वाचत होती आणि मी रवंथ थांबवून ऐकत होतो.

"टॅक्स. कर, पट्टी, सारा, जकात."

"ह्ये म्हायती हाय. म्होरं वाच," आजी म्हणाल्या.

"ओझं. ताण."

मी मान हलवली. उसाच्या गाडीचं ओझं मानेवर घेतलेला मी. माझा त्या शब्दाशी संबंध होता तर.

"एखाद्याच्या ताकदीचा किंवा सहनशक्तीचा कस पाहणे."

हे तर रोजचंच. माशा, ऊन आणि राजवर्धनचे टोमणे.

"एखाद्यावर ठपका ठेवणे."

हा अर्थ ऐकून मी चक्क हंबरलो. अहो, परक्या मुलखातला शब्द, पण माझी सगळी कर्मकथा त्याच्या पोटात होती! ओझं झालं, कस लागला, ठपकाही आला. फक्त माझी कर तेवढी त्यात नव्हती. अवंतिकानं पान मागेपुढे केलं, बोट फिरवलं आणि शब्दकोश मिटला.

"आपली कर ह्यात कुठंच न्हाय, आज्जी."

"न्हायच असनार. त्या इंग्रजांनी बेंदूर कुठं बघितलाय?" आजी म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या. "जोतीरामा! टेम्पो बोलीव. नोटीस ह्येच्या नावानं आलीया न्हवं? मग ह्येलाच घिऊन जाऊ. समक्ष हजर ऱ्हा म्हनत्यात, तर ऱ्हातो म्हनावं."

आबांना आधी ही चेष्टा वाटली. पण बेंदूर तोंडावर आला होता आणि दुसरा मार्ग उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी मला धुऊन टेम्पोत चढवलं. शिंगांना घाईघाईत रंग दिला. एक शिंग तांबडं झालं आणि दुसऱ्याला डबा पुरला नाही. आजी पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. आबा, अवंतिका आणि राजवर्धन माझ्याजवळ उभे. राजवर्धनचा चेहरा उतरलेला होता. एकीकडे मला विकायचं होतं आणि दुसरीकडे बहिणीचे सुजलेले डोळे बघवत नव्हते.

दसरा चौकातून जाताना लोकांनी वळून वळून बघितलं. मीही बघितलं. शहरातल्या माणसांना कुठंतरी पोचायचं असतं, पण बैल दिसला की ती थांबतातच. कार्यालयाच्या फाटकात मात्र पहारेकऱ्यानं आम्हाला अडवलं.

"ओ पावणं! जनावर आत न्हाय न्यायचं."

आबांनी शांतपणे कागद काढला. "वाचा की. श्री. हौश्या यांनी समक्ष हजर ऱ्हावं. ह्यो काय श्री. हौश्या."

पहारेकऱ्यानं कागद वाचला, मला बघितलं, पुन्हा कागद वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असा हजर होणारा माणूस भेटला असावा. तोवर भोवती गर्दी जमली. चहाच्या टपरीवरची माणसं ग्लास हातात धरून आली. वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. शेवटी जिन्यावरून एक बाई खाली उतरल्या. तरण्याच होत्या, पण त्यांना वाट देताना सगळे कर्मचारी बाजूला झाले. त्याच मोठ्या मॅडम. नव्यानंच बदलून आल्या होत्या, तिकडे वऱ्हाडातून.

"काय प्रकार आहे हा? इथं बैल कोणी आणला?"

मग आमची कोल्हापूरची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. सगळे एकदम बोलायला लागले आणि तेही नदीच्या पलीकडल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. आबा, राजवर्धन, चहावाला, पहारेकरी. कुणी कर भरतो म्हणालं, कुणी कर तोडतो म्हणालं, कुणी सवलत म्हणालं. मॅडमनी दोन्ही हात वर केले.

"एक मिनिट! कर भरता की बुडवता, एवढं एकच सांगा."

"भरतो बी आनि तोडतो बी!" आबा म्हणाले आणि प्रकरण आणखी चिघळलं.

तेव्हा अवंतिका पुढं झाली. "मॅडम, चूक माझी आहे. मी मोबाईलला 'कर' म्हणाले. त्याला एकच कर माहीत. आमची कर म्हणजे वेशीत बांधलेला पानांचा दोर. बेंदराला बैल तो तोडतो."

मॅडमनी हातातला कागद पुन्हा वाचला. कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या.

"म्हणजे पोळ्याचं तोरण? आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे करतात आणि मग पोळा फुटतो."

"तसंच काहीतरी," अवंतिका म्हणाली.

"मग सोपं आहे. अर्जात 'तोरण' लिहा. संगणक घेईल. 'कर' लिहिलं की तो सरळ वसुलीच्या रकान्यात जातो, मी तरी काय करणार?"

आबांचा जीव भांड्यात पडला. राजवर्धननं खिशातून पेन काढलं. आता सुटलो असं मलाही वाटलं. पण आजींनी काठी आपटली.

"तोरान न्हाय लिवायचं."

"आये!" आबा कळवळले. "हौश्या जाईल गं हातचा."

"गेला तर मी रडीन. पर तोरान दाराला बांधत्यात, लग्नाला बांधत्यात. ही कर हाय. माझ्या सासऱ्याच्या बैलानं तोडली ती करच. आज तोरान लिवलासा तर फुडल्या साली पोरं तोरानच म्हनतील आनि कर म्हंजे नुसती पट्टी ऱ्हाईल."

माझं सगळं आयुष्य एका शब्दावर तोललं होतं आणि ज्या म्हातारीनं मला वाढवलं तिनंच तो शब्द सोडायला नकार दिला होता. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला तिचा अभिमान वाटला. दुसऱ्याच्या नावानं जगायचं असतं तर मी ट्रॅक्टरच झालो असतो की.

मॅडम आजींजवळ आल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "आजी, तो कर की ती कर?"

"आं?"

"भरायचा तो. मग ही तोडायची, ती कोण? तो की ती?"

"ती!" आजी म्हणाल्या. आणि त्यांच्या पाठोपाठ सगळं फाटक ओरडलं, "ती! ती कर!" चहावाला ओरडला, पहारेकरीही ओरडला.

मॅडम मोकळ्या हसल्या. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. ती पण तीच. माझी आजी म्हणायची, करीच्या दिवशी प्रवासाला निघू नये. माझ्याच घरातला शब्द आणि मला संगणकाला विचारावा लागला." त्या वळल्या आणि कर्मचाऱ्याला म्हणाल्या, "साधा कागद आणा. मी हातानं लिहिते."

जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. "बेंदूर सणानिमित्त वेशीत ती कर तोडण्यास परवानगी देण्यात येत आहे. या कराचा त्या कराशी काहीही संबंध नाही." त्या वाचता वाचता थांबल्या, 'कराचा' खोडलं आणि वर 'करीचा' लिहिलं. आजींनी मान डोलावली. शेवटी अटी होत्या: बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही, दमवायचं नाही. त्या अटी मला इतक्या आवडल्या की मी पुढं सरकून मॅडमच्या बाहीला नाक लावलं. त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. अवंतिका माझ्या कानाशी म्हणाली, "हौश्या, कर म्हंजे हात बी असतोय, बरं का." इतक्या सगळ्या अर्थांत तो मला सगळ्यात ऊबदार वाटला.

पण परवानगी मिळाली म्हणजे कर तुटली असं नव्हे. बेंदराच्या संध्याकाळी वेशीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. श्री. हौश्याची गोष्ट चार गावांत पोचली होती. गुंडू अण्णा रुसवा विसरून खांब धरून उभे होते. मॅडम चावडीच्या कट्ट्यावर होत्या. आणि एका कोपऱ्यात तो व्यापारीही होता, नवं दावं खांद्यावर टाकून.

हलगी कडाडली. आबा कासरा धरून माझ्याबरोबर पळायला लागले. वेस जवळ आली आणि अचानक समोर उजेडच उजेड! शेकडो मोबाईल वर झाले होते. डोळ्यांपुढं पांढरं झालं, पाय जागच्या जागी रुतले आणि मी थांबलो. करीच्या अलीकडे, सगळ्या गावादेखत थांबलो. मागून गावातल्या आकारामचा, माझ्यानंतर नंबर असलेला बैल फुरफुरत होता. मी नाही तोडली तर मान त्याचा होता. व्यापाऱ्यानं खांद्यावरचं दावं हातात घेतलेलं मी पाहिलं.

तेवढ्यात गर्दीतून अवंतिका सुटली. "मोबाईल खाली घ्या! खाली घ्या म्हनते न्हवं!" ती दोन्ही हातांनी माणसं मागं सारत करीच्या खालून पलीकडे पळाली. आणि तिच्या पाठोपाठ कोण पळालं असेल? राजवर्धन! माझे दात व्यापाऱ्याला दाखवणारा राजवर्धन गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, "मागं सरा! बैलाला वाट द्या! आमचा हौश्या येतोय!"

आमचा म्हणाला तो. मी नीट ऐकलं.

आबांनी कासरा सोडून दिला. मी मान खाली घातली आणि सुटलो. हलगी, माणसं, उजेड, सगळं मागं पडलं. पुढं फक्त पानांची हिरवी रेघ होती आणि तिच्या पलीकडे अवंतिकाचा आवाज. मी उडी घेतली. दोर शिंगांत अडकला, ताणला गेला, खांब करकरले आणि काडकन आवाज झाला. कर तुटली! माझ्या अंगावर आंब्याची पानं पडली, पिंपळाची पानं पडली, त्यावर गुलाल पडला. सगळी वेस ओरडत होती. मी पण हंबरलो आणि जिंकल्यावर जसं हंबरावं तसं, पोटातून हंबरलो.

आजी काठी टाकून आल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या. मॅडमच्या हाताला एक पान लागलं, ते त्यांनी जपून रुमालात ठेवलं. गुंडू अण्णांनी दोन पानं पळवली आणि वर म्हणाले, "सवलत न्हाय तर न्हाय, ह्ये तरी मिळालं." व्यापाऱ्याचं दावं कधी गर्दीत दिसेनासं झालं, ते मला कळलंच नाही.

आता सगळं निवांत आहे. गुलाल अजून कानाच्या मागं आहे, तो धुवायला मी कुणाला जवळ येऊ देत नाही. रिक्षा कर्णा लावून फिरते आणि आबा पट्टी वेळेवर भरतात, कारण तो कर भरायचाच असतो. रस्ते त्यातूनच होतात आणि वेशीतला रस्ता चांगला असेल तर पळताना आमचेही पाय वाचतात. तुम्हाला माझं मागणं एवढंच आहे. परक्या शब्दांना घरात घ्या, पाटावर बसवा, जेवू घाला. पण त्यांनी आपल्या शब्दाचा अर्थ सांगितला, तर एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि ज्या बैलाला बोलता येत नाही, त्याच्या नावानं अर्ज करताना जरा सावकाश बटण दाबा.

जास्त बोलत नाही, कारण बाहेर आवाज चाललाय. राजवर्धन गोठ्याच्या दर्शनी बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला मी दिसेन अशा जागी नवा खुंटा ठोकतोय. बाभळीचा आहे, चांगला जाड. आबा म्हणाले, "आरं बास की आता, किती खोल घालतोस?" त्यानं नुसता घाम पुसला आणि पुन्हा घण उचलला. विकायच्या बैलासाठी कुणी एवढा खोल खुंटा ठोकत नाही.